साहेब खाकरतात

मराठी माणसाने पोपटाला जितके बदनाम केले आहे तितके दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याला केले नसेल. अर्थ न कळता घडाघडा बोलणाऱ्याची आपल्याकडे ‘पोपटपंची’ होते आणि भर चौकात फजिती झालेल्याचा ‘पोपट’ होतो. कावळ्याला निदान पितृपंधरवड्यात तरी मान मिळतो, पोपटाला तोही नाही. वास्तविक ज्या पुस्तकप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो, त्याचे नाव सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून आले आणि त्या ग्रंथातली गोष्ट शूद्रक राजाला सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपटच. म्हणजे मराठीतल्या झाडून साऱ्या कादंबरीकारांचा मूळपुरुष झाडावर बसून फळे खाणारा होता. पण हे कोणी लक्षात ठेवीत नाही.

मी स्वतः बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून ‘सिस्टीम डाऊन आहे’, ‘तीन नंबरला विचारा’ आणि ‘केवायसी झालंय का?’ ही तीन वाक्ये म्हणत आलो आहे. त्यामुळे पोपटाबद्दल मला पहिल्यापासून एक व्यावसायिक आपुलकी आहे.

तरी पोपट पाळायची कल्पना माझी नव्हे. ती आमच्या कन्येची. कन्या नववीत आहे, म्हणजे कल्पना सुचण्याच्या आणि त्यांचा खर्च दुसऱ्याने करण्याच्या वयात. मात्र या वेळी तिच्या म्हणण्यात तथ्य होते. आई गेल्यापासून आमचे आप्पा दिवसभर घरात एकटे असतात. आम्ही राहतो वांगणीला. हे कुठे आले, असे विचारणाऱ्याला पूर्वी ‘बदलापूरच्या पुढे’ एवढेच सांगता येई. जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवासी घेऊन आमच्या जवळच पाण्यात अडकली, आणि एप्रिल २०२१ मध्ये आमच्याच स्टेशनात एका पॉइंट्समनने अंध आईच्या हातून रुळांवर पडलेले मूल धडधडत येणाऱ्या गाडीपुढून उचलले. तेव्हापासून लोक ‘हो हो, वांगणी!’ म्हणतात. पण त्यामुळे वांगणी मुंबईच्या जवळ आलेली नाही. वांगणीचा नोकरदार आपले घर उजेडात पाहतो ते रविवारी. ही बदलापूरच्या शाळेत, कन्या क्लासात, मी बँकेत. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. ते गॅलरीत बसून जाणाऱ्या गाड्या किती मिनिटे लेट आहेत ते मोजतात आणि रात्री मला हिशेब देतात. जणू गाड्या मीच लेट केल्या.

‘‘आप्पांना कोणीतरी बोलायला पाहिजे,’’ कन्या म्हणाली, ‘‘कुत्रं नुसतं ऐकतं. पोपट उत्तर देतो.’’

प्रथम अर्थातच हिरवा पोपट डोळ्यांपुढे आला. आमच्या लहानपणी प्रत्येक वाड्यात एक पिंजरा, एक मिरची आणि एक ‘विठू विठू’ असायचाच. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगतो की आपला हा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. पाळायचा तर परदेशी. म्हणजे आमच्या खिडकीसमोरच्या आंब्यावर रोज संध्याकाळी कलकलाट करणारा राघू आम्हाला वर्ज्य, आणि काँगो-कॅमेरूनच्या जंगलातल्या वंशाचा राखी पोपट मात्र कागदपत्रे असतील तर चालेल. हिला याचे फार नवल वाटले. मला वाटले नाही. मी बँकेत काम करतो.

आफ्रिकन राखी पोपटच का, तर सगळ्या बोलक्या पक्ष्यांत तो अव्वल समजला जातो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून असा एक पोपट घेतला आणि त्याचे नाव ॲलेक्स ठेवले. त्याला शंभरावर शब्द येत. रंग कोणता, आकार कोणता, वस्तू किती हे विचारले की तो सांगे, आणि सहापर्यंत मोजे. २००७ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो गेला. आदल्या रात्री बाई निघताना त्याने नेहमीप्रमाणे ‘नीट राहा, उद्या भेटू’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले होते. हे वाचून ही हळहळली. आमच्या शाखेत मोजता येणारे पुष्कळ आहेत, पण निघताना असे कोणी म्हणत नाही.

आता निवड. उल्हासनगरात काय मिळत नाही? तिथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ हे आम्ही अंबरनाथ-बदलापूरकर पिढ्यानपिढ्या कौतुकाने वाचत आलो आहोत. तेव्हा मी, कन्या आणि आप्पा एका रविवारी तिथल्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने मागच्या अंधारातून एक पिंजरा काढला. ‘‘बच्चा आहे. चार महिन्यांचा. महिनाभरात बोलायला लागेल.’’

मी बावीस वर्षे चेकवरच्या सह्या तपासल्या आहेत. राखी पोपटाच्या पिल्लाचा डोळा काळसर असतो आणि वर्ष-दोन वर्षांत तो फिकट पिवळा होतो, एवढे मी वाचून गेलो होतो. या चार महिन्यांच्या बालकाचा डोळा चांगला लख्ख पिवळा होता. पायात कडी नव्हती. पिलू अगदी लहान असताना त्याच्या पायात अखंड कडी चढवतात. मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जात नाही, म्हणून कडी ही त्याची जन्मापासूनची सही. मी कडीबद्दल विचारले, पावतीबद्दल विचारले. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, कागद पाळायचेत की पोपट?’’ बँकेतल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. बँकेतला माणूस कागदच पाळतो.

तेवढ्यात पिंजऱ्यातून कुत्र्यासारखा गुरगुरण्याचा आवाज आला. घाबरलेला राखी पोपट असाच गुरगुरतो. आप्पा वाकून त्याच्याकडे बघत होते. ते म्हणाले, ‘‘ह्याला घरी जायचंय रे.’’ आणि ते घर वांगणीला नव्हते हे आम्हा तिघांनाही कळले.

जंगलातून धरून विकण्याच्या या धंद्याने फार नासाडी केली आहे. घानासारख्या देशात १९९२ पासून या पोपटांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. म्हणून २०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या जागतिक परिषदेत जंगलातून पकडलेल्या राखी पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद करण्याचे ठरले. आपल्याकडेही २०२२ मध्ये कायदा सुधारला आणि २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंद सक्तीची केली. पिल्लू झाले, कळवा. विकले, कळवा. गेले, तेही कळवा. माझ्या तीन वाक्यांपैकी तिसरे शेवटी पोपटापर्यंत पोहोचले.

पुढे कल्याणच्या बाजूला एक पक्षी पैदास करणारे गृहस्थ सापडले. कडी, पावती, नोंद सगळे चोख. किंमत पाच आकडी होती आणि पहिला आकडा एक नव्हता, एवढेच सांगतो. त्यांनीच बजावले, ‘‘पिल्लू स्वतःच्या चोचीने खायला लागलं की न्या. भरवायचं पिल्लू स्वस्त मिळतं, पण भरवणं चुकलं की संपलं.’’ मग त्यांनी विचारले, ‘‘घरात दमा कुणाला आहे का? ह्यांच्या पिसांतून पांढरी भुकटी सारखी झडते.’’ नव्हता. ‘‘दिवसभर घरात कोण असतं?’’ आप्पांनी हात वर केला. शाळेत हजेरी देतात तसा.

खोक्यात तीन पिल्ले होती. नाकपुड्या स्वच्छ, डोळे तरतरीत, पिसे भरलेली. तिन्ही सारखीच. कन्येने माहिती पुरवली की ॲलेक्सला बाईंनी निवडलेच नव्हते, दुकानातल्या माणसालाच कुठलाही एक काढायला सांगितले होते, म्हणजे हुशार बघून घेतला असे कोणी म्हणायला नको. त्यामुळे आता निवडायचे की न निवडायचे यावर चर्चा सुरू झाली. ती लांबली तसे आप्पा खाकरले. त्याबरोबर दोन पिल्ले मागे सरली आणि तिसऱ्याने मान वाकडी करून आप्पांकडे बघितले. चर्चा संपली.

त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले, कारण अंगभर राखी सफारी आणि चेहऱ्यावर कर्ज नामंजूर केल्याचा भाव. टायची जागा तेवढी चुकली होती, लाल रंग शेपटीला. या जातीत नर-मादी वरून ओळखू येत नाहीत, म्हणून चार पिसे तपासणीला पाठवली. रिपोर्ट आला, मादी. आप्पा म्हणाले, ‘‘मग काय झालं? तुमच्या ब्रँचला मॅनेजर बाई आहेत, त्यांना साहेबच म्हणता ना?’’ नाव कायम झाले.

साहेबांनी चार्ज घेतल्यावर घरात जी परिपत्रके निघाली त्यांतली काही अशी. नुसते सूर्यफुलाचे बी मागतील, द्यायचे नाही, ते म्हणजे मुलांना तिन्ही त्रिकाळ फरसाण. पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या गोळ्या, गाजर, ढोबळी मिरची, उकडलेला मका, आणि शेवग्याचा पाला, कारण या जातीला कॅल्शियम लवकर कमी पडते आणि मग झटके येतात. सकाळचे कोवळे ऊन. चहा, कॉफी, चॉकलेट, मीठ बंद. ॲव्होकॅडो विष आहे. वांगणीच्या बाजारात ते मिळत नसल्याने हा नियम आम्ही काटेकोर पाळला. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याचा धूर पक्ष्याला मिनिटांत मारतो, म्हणून हिचा लाडका तवा माळ्यावर गेला आणि बिडाचा खाली आला. त्या दिवसापासून साहेबांच्या कृपेने घरात धिरडी चांगली होऊ लागली. रात्री दहा-बारा तास झोप, म्हणून आठनंतर टीव्हीचा आवाज बंद, नुसती चित्रे. मालिका आवाजाशिवायही पूर्ण कळतात, हा शोध आम्हाला यातूनच लागला. गॅलरीला जाळी, कारण २०२२ मध्ये तुमकूरच्या एका कुटुंबाचा असा पोपट उडाला तेव्हा त्यांना पन्नास हजारांचे बक्षीस लावावे लागले होते. आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. पक्षी आजार लपवतो, वजन लपवता येत नाही. कन्या ते वहीत लिहून ठेवते. चारशे चाळीस ग्रॅम. माझे वजनही कोणीतरी विचारावे असे मला कधीकधी वाटते.

सगळ्यांत मोठा नियम मात्र सोबतीचा. हा पक्षी जंगलात थव्याने राहतो. एकटा पडला की स्वतःची पिसे उपटतो, अगदी उघडा होईपर्यंत. डॉक्टरांनी असे फोटो दाखवले तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, ‘‘माणसाला पिसं नसतात म्हणून कळत नाही, एवढंच.’’

आता बोलण्याचे. ज्याने त्याने आपापला अभ्यासक्रम लावला. हिने ‘शुभं करोति’, कन्येने इंग्रजी, मी ‘नमस्कार, या, बसा’. पोपटाला स्वरयंत्राच्या तारा नसतात, श्वासनलिकेच्या तळाशी एक वेगळे इंद्रिय असते आणि तिथून तो वाटेल तो आवाज काढतो. साहेबांनी वर्षभर तिथून काहीही काढले नाही. मी निराश झालो नाही. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका वृद्ध बाईंनी तक्रार केली होती की शेजारचा पोपट आपल्याला शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावले, बाईंच्या समोर धरले, आणि पोपट चकार शब्द बोलला नाही. त्याला वनखात्याच्या ताब्यात दिले. उलट २०२२ मध्ये पुण्यात एकाने शेजाऱ्याचा पोपट फार ओरडतो म्हणून खडकी पोलिसांत तक्रार केली. म्हणजे बोलला तरी चौकशी, नाही बोलला तरी चौकशी. साहेब अनुभवी होते. ते नोंदी करत होते.

आणि एके दिवशी दुपारी साहेब खाकरले.

याचे महत्त्व कळायला आमचे घर कळायला हवे. जुन्या वळणाचे सासरे घरात वावरताना खोलीच्या दाराशी आधी खाकरतात. सून लवंडली असेल, केस विंचरत असेल, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आप्पांनी हा रिवाज वांगणीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही सोडलेला नाही. त्या खाकरण्याला सतरा वर्षांत हिच्या अंगाने आपोआप उत्तर द्यायला शिकून घेतले आहे. पाय खाली, ओढणी वर, टीव्ही बारीक. आता साहेब दिवसभर आप्पांपाशी. आम्ही शिकवलेल्या सगळ्या सुभाषितांतून त्यांनी नेमके हेच उचलले, आणि ते इतके हुबेहूब की शेवटची घशातली खरखरसुद्धा सोडली नाही. रविवारी दुपारी ही सोफ्यावर कलंडली की गॅलरीतून ‘अंहं-हंम्’. ही ताडकन उभी. आप्पा आत घोरताहेत. ही पुन्हा आडवी, पुन्हा ‘अंहं-हंम्’. एका दुपारी मी मोजले, सात वेळा. योगासनांच्या क्लासाचे पैसे वाचले.

फसला नाही एकच माणूस. वांगणीत अंध कुटुंबे बरीच आहेत, त्यांतले एक काका आमच्या तळमजल्यावर राहतात आणि लोकलमध्ये साखळ्या-पिना विकतात. ते एकदा वर आले असता साहेब खाकरले. मी म्हणालो, ‘‘आप्पा आले बघा.’’ काका हसले. ‘‘आप्पा खाकरले की मागून चप्पल वाजते. ह्याच्या मागून नखं वाजली.’’

गेल्या पावसाळ्यात आप्पांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. आठ दिवस कल्याणच्या एका इस्पितळात. साहेबांना गॅलरीतून आत घेतले. शेवगा तसाच पडू लागला, आणि वहीतला आकडा चारशे एकोणतीसवर आला. एक छातीवरचे पीसही खाली पडलेले दिसले. ते उपटलेले की झडलेले यावर कन्या रात्री रडली. मी इस्पितळातून उशिरा परतलो तर ही बिनआवाजाचा टीव्ही लावून बसली होती. तेवढ्यात पिंजऱ्यावरच्या चादरीखालून आवाज आला, ‘अंहं-हंम्’. ही उठली. पाय खाली, ओढणी वर. मग उभीच राहिली. आप्पांची खुर्ची रिकामी होती. ही काही बोलली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि चादरीजवळ जाऊन म्हणाली, ‘‘या ना आप्पा, मी जागीच आहे.’’

दुसऱ्या दिवसापासून कन्येने फोन लावायचा, आप्पांनी पलंगावरून खाकरायचे आणि साहेबांनी इकडून उत्तर द्यायचे असा परिपाठ पडला. शेजारच्या पेशंटने नर्सकडे तक्रार केली म्हणतात. शेवगा मात्र संपू लागला. आप्पा घरी आले त्या दिवशी दारातच थांबून सवयीने खाकरले. आतून साहेब खाकरले. कुणासाठी उठायचे ते न कळून ही दोनदा उठली.

आता एकच बाब राहिली आहे, ती म्हणजे वारसनोंद. हा पक्षी नीट ठेवला तर चाळीस-पन्नास वर्षे सहज जगतो. मी शेहेचाळीसचा. माझे गृहकर्जसुद्धा माझ्याआधी संपते, साहेब संपत नाहीत. आम्ही बँकेत लोकांना इतकी वर्षे सांगतो, ‘खात्याला नॉमिनी लावा हो, उद्याचं काय?’ लोक दुसरीकडे बघतात. ‘उद्याचं काय’ हे साडेचारशे ग्रॅमचे होऊन गॅलरीत बसले की दुसरीकडे बघता येत नाही.

हा विषय आप्पांनीच काढला. जेवताना. ‘‘माझ्यानंतर हा तुमच्याकडे. तुमच्यानंतर हिच्याकडे,’’ कन्येकडे बोट करून म्हणाले, ‘‘लिहून ठेवा. रेल्वेत चार्ज देताना सगळं लिहून देतात.’’

म्हणून कन्येने वजनाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर चार्ज लिहायला घेतला आहे. कडीचा नंबर, नोंदणीचा नंबर, डॉक्टरांचा फोन, काय द्यावे, काय देऊ नये, झोपेची वेळ. कोण जाणे, २०६५ साली हे पान कुणाच्या हातात असेल, आणि त्या घराला वांगणी कुठे आहे तेही ठाऊक नसेल. परवा मी ती यादी तपासायला घेतली. सगळे बरोबर होते. नववी कलम तिने आपल्या मनाने घातले आहे :

‘९. साहेब खाकरल्यास उठून उभे राहावे.’